सॅपर येईपर्यंत

माझं गाव लासुर्णे. पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. बायको गेली. मुलगा पुण्यात कंपनीत आहे. ऊस वाट्यानं दिलाय. पहाटे अजूनही सवयीनं जाग येते, अंथरुणाची घडी होते, दाढी होते. त्यानंतर करायचं काही नसतं.

ज्या पोस्टिंगविषयी सांगतोय ती जम्मूकडच्या डोंगरातली, नियंत्रण रेषेजवळची. आमची पोस्ट धारेवर होती. खालच्या उतारावर आपणच पेरलेले सुरुंग आणि त्यांच्याभोवती तारेचं कुंपण. पावसात माती सरकते, तिच्याबरोबर सुरुंगही सरकतात. नकाशात एका जागी, प्रत्यक्षात दुसरीकडं. म्हणून गस्तीवर पायवाट सोडायची नाही, हा पहिला नियम.

माझ्या सेक्शनमध्ये दोघं बारामती तालुक्यातले होते. लान्स नाईक मिलिंद साळवे पणदऱ्याचा आणि शिपाई दत्ता वडगाव निंबाळकरचा. मिलिंदचं नुकतंच लग्न झालेलं. बायको संगीता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तो कमी बोलायचा. दत्ता बडबड्या. दोघांची फार दोस्ती होती असं नाही. दत्ता गावाकडच्या गोष्टी सांगायचा आणि मिलिंद बूट पुसत ऐकायचा. हे मुद्दाम सांगतोय, कारण लोकांना वाटतं ते जिवलग मित्र असणार.

त्या सकाळी आमची गस्त नेहमीप्रमाणं निघाली. आदल्या दिवशी मोठा पाऊस झाला होता. एका वळणावर पायवाटेची कड ढासळली आणि दत्ता कुंपणाच्या तुटलेल्या तारांवरून खाली घसरत गेला. मग स्फोट झाला. धूर विरला तेव्हा तो आमच्यापासून पंधरा-वीस पावलं खाली पडलेला दिसला. डावा पाय गुडघ्याखाली राहिला नव्हता. उजव्या हाताचीही चाळण झाली होती. म्हणजे स्वतःचा पाय स्वतः बांधणं शक्य नव्हतं.

मी वायरलेस सेट उचलला आणि सुरुंग काढणारे सॅपर मागवले. "चार्ली वन. माइन कॅज्युअल्टी एक. सॅपर पाठवा. ओव्हर."

"सॅपरला दीड तास लागेल. तोपर्यंत कोणी आत जायचं नाही. ओव्हर."

"रॉजर."

मी ऑर्डर सगळ्यांना सांगितली. मिलिंदनं खाली पाहिलं. म्हणाला, "उस्ताद, दीड तास न्हाय टिकायचा त्यो."

"ऑर्डर आहे, साळवे."

"व्हय उस्ताद."

त्यानं पाठीवरची पिशवी काढून ठेवली, रायफलचं बेयोनेट घेतलं आणि खाली सुरुंग आहे का हे चाचपायला गुडघ्यावर बसून तारेच्या आत पहिली जागा टोचली. मी दुसऱ्यांदा ऑर्डर दिली नाही.

खालून दत्ता ओरडत होता, "मिल्या, येऊ नकोस! आईची आन हाय, येऊ नकोस!"

मिलिंद पुढंच सरकत राहिला. तो बेयोनेट तिरकं घालायचा, थांबायचा, माती बोटांनी बाजूला करायचा, मगच गुडघा पुढं टाकायचा. वाटेत एक सुरुंग सापडला. त्याला वळसा घालून गेला. इतकं सावकाश काम मी आयुष्यात पाहिलेलं नाही. तो पोचला, दत्ताची मांडी आवळून बांधली आणि हात वर केला. रक्त थांबलं होतं.

"आता हलू नकोस," मी वरून ओरडलो. "तिथंच थांब."

"थांबतो उस्ताद."

बराच वेळ ते दोघं तिथं होते. मिलिंद काहीतरी बोलत होता. त्याला दत्ताशी इतकं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. शब्द वर येत नव्हते.

नंतर दत्ताला झटके यायला लागले. अंगाखालची ओली माती सुटली आणि तो खाली सरकू लागला. खाली सगळे सुरुंगच. मिलिंद एका उडीत त्याच्या खालच्या बाजूला गेला आणि टाच रोवून त्यानं त्याला अडवलं. ती जागा तपासलेली नव्हती. तपासायला वेळच नव्हता.

दुसरा स्फोट झाला. सॅपर आले तेव्हा मिलिंद गेलेला होता. दत्ता वाचला. मिलिंदचं अंग मध्ये होतं म्हणून वाचला. नंतर डॉक्टर म्हणाले, पाय वेळेवर बांधला नसता तर दत्ता तासाभराचा सोबती होता.

निवृत्तीनंतर लोक मला शाळांत भाषणाला बोलावतात. मुलं विचारतात, तुम्ही गेला असता का? मी सांगतो, माहीत नाही. मी गेलो नव्हतो, एवढं माहीत आहे. मग टाळ्या वाजत नाहीत. आता बोलावणीही कमी झाली आहेत.

पणदऱ्याला दरवर्षी मिलिंदच्या स्मारकाजवळ कार्यक्रम होतो. मी जातो. दत्ता कधी आला नाही. गेल्या वर्षी भाषणं संपल्यावर संगीताताई माझ्याजवळ आल्या. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही.

"भाऊ, दरवर्षी ऐकते, हसत हसत प्राण दिले. मला एकच सांगा. जाताना मी आठवलेच नाही का त्यांना?"

 मी वर होतो. उत्तर दत्ताकडं असणार.

दुसऱ्या दिवशी वडगावला गेलो. दत्ता दूध संकलन केंद्रावर काम करतो. जयपूर फूट लावून कॅन उचलतो. संगीताताईंचा प्रश्न मी त्याला सांगितला. त्यानं हातातला कॅन खाली ठेवला.

"मी येऊ नको म्हणलो हुतो, उस्ताद. न्हाय ऐकलं त्यानं. मला वाचवायचं का न्हाय, ह्ये मला कुणी इचारलं? रोज सकाळी पाय बांधताना त्याच्याशी भांडतोय मी. त्या माउलीला काय तोंड दावू?"

"तोंड दाखवायला नको. सांगायला चल."

माझ्या मोटरसायकलवर मागं बसून तो पणदऱ्याला आला.  संगीताताईंनी पाणी दिलं. तो पायरीवरच बसला, आत आला नाही. मान खाली घालून बोलला.

"वहिनी, मरायला आलेला माणूस जमीन चाचपत येत न्हाय. हातभर पुढं यायला त्यो किती येळ घेत हुता. माझा पाय बांधला आन् म्हणला, आता आपुन दोघंबी घरी जाऊ. मला झोप यायला लागली तर गालावर मारायचा आन् बोलत ऱ्हायचा. तुमचंच बोलला. म्हणला, संगीताचं डोकं दुखतंय, चष्मा लागलाय तिला, पर मानत न्हाय. सुट्टीवर गेलो की पयलं बारामतीला डोळ्याच्या डॉक्टरकडं न्यायचंय. त्येच चाललं हुतं. मग मी घसरलो. त्यानं इचार केला न्हाय, वहिनी. तेवढा येळच न्हवता."

संगीताताईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. तो तसाच हातात धरून बसल्या.

"मी एकटीच जाऊन आणला," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या वर्षी."

मग त्या रडल्या. अंत्यविधीलाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी दत्ताला विचारलं, "जेवून जाता ना, भाऊजी?" तो उठून आत गेला.

मी बाहेरच थांबलो. मला भूक नव्हती. चालत स्मारकापर्यंत गेलो. तिथं कोणी नव्हतं, कार्यक्रमाचे हार सुकले होते. दगडावर नाव, हुद्दा आणि खाली वीरमरण असं कोरलंय. सुकलेले हार काढून मी बाजूला ठेवले. लान्स नाईक मिलिंद साळवे. घरी जायला निघालेला माणूस होता तो. मी सावधान उभा राहून सॅल्यूट केला, मग दत्ताला वडगावला सोडून एकटाच लासुर्ण्याला परत आलो.