शिंगट्यांसाठी तीन रॉड

चहा घ्या आधी. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी सांगत असताना मधेच कोणी खिदळलं की माझं सगळं विस्कटतं. फजिती माझी आहे, तेव्हा ती माझ्याच चालीनं सांगणार. घरी हा विषय काढायला बंदी आहे. म्हणजे मला बंदी आहे. बायको भाजीवालीलासुद्धा सांगून मोकळी झाली.

तर आमची आक्का. थोरली बहीण, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. अकोले तालुक्यात, पाटाकाठच्या गावात दिलेली. भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा नाशकात, आणि ही शेत वाट्यानं देऊन एकटी राहते. या उन्हाळ्यात तिला ताप आला. ताप गेला, पण जाताना तिचं जेवण घेऊन गेला. ताटावर बसायची, भाकरीचा तुकडा मोडायची आणि नुसती बघत राहायची. भाचा फोनवर रडकुंडीला आला. म्हणाला, "मामा, औषधं झाली, टॉनिकं झाली. डॉक्टर म्हणतात, आता पोटात अन्न गेलं तरच ती उठेल."

मी आक्काला फोन लावला. म्हटलं, "काय खावंसं वाटतं ते सांग. वाट्टेल ते आणतो."

"कायबी न्हाई रं नाना. तोंडाला चवच न्हाई." मग जरा थांबून म्हणाली, "राजूरला आपन शिंगटे धरायचो बघ. त्या कालवनाची लई आठवन येती. गळानं धरलेल्या माशाची चव येगळीच असती. पन आता कोन धरनार?"

आता तुम्ही म्हणाल, शिंगटे ते काय, वीतभर मासा, मिशा आणि काटे. पण तुम्ही आक्काच्या हातचं खाल्लेलं नाही. वडिलांचं राजूरच्या पेठेत शिवणाचं दुकान होतं. त्यांच्या टाचण्या सारख्या हरवायच्या आणि ते बिचारे गिऱ्हाइकांवर संशय घ्यायचे. टाचण्या न्यायची आक्का. चिमणीवर टाचणी लाल करायची, चिमट्यानं वाकवायची, झाला गळ. कारवीची काठी, दुकानातलाच दोरा तिहेरी पिळून, आणि वर तरंगायला मोरपिसाचा देठ. एवढ्यावर ती ओढ्याच्या डोहातून कालवणापुरते मासे काढायची. माझ्याकडे काम एकच, गप्प बसायचं. तेवढंही मला जमायचं नाही.

आई सदा आजारी असायची. मला खाऊ घातलं, न्हाऊ घातलं, शाळेत सोडलं ते आक्कानं. काटे काढून घास माझ्या तोंडात द्यायची आणि स्वतः भाकरी रश्श्यात बुडवून खायची. त्या बाईच्या घशाखाली घास उतरत नाही म्हटल्यावर मलाच जेवण जाईना. म्हटलं, आता आपली पाळी. मासे मी धरायचे आणि तिला खाऊ घालायचे.

इथवर सगळं ठीक होतं. एक काठी आणि एक टाचणी घेऊन निघालो असतो तर हा किस्साच झाला नसता. पण रिटायर माणूस आणि हातात मोबाईल, दुसरं काय होणार? आठ दिवस मी मासेमारीचे व्हिडिओ बघितले आणि नगरहून थेट पुण्याला एका दुकानात जाऊन उभा राहिलो.

दुकानदार तरुण, बोलायला गोड. "काका, कोणत्या प्रकारचं फिशिंग करता?"

त्यात प्रकार असतात हे मला तेव्हाच कळलं. त्यानं समजावलं. ओढ्या-नदीतल्या लहान माशाला हलका, लवलवता रॉड, बारीक तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, आणि छोटा गळ. धरणातल्या कटल्याला लांब, जाड रॉड. तो काठावर रोवून ठेवायचा आणि टोकाला घंटी लावायची, मासा लागला की वाजते. मरळीला आखूड, कडक रॉड आणि रबरी बेडूक, तो लांब फेकायचा आणि उड्या मारत ओढायचा. "तर काका, तुम्हाला कोणता मासा धरायचाय?"

उत्तर एका शब्दाचं होतं. पण माझ्या शेजारी एक धिप्पाड गडी उभा होता आणि तो पंधरा किलोच्या माशाला कोणता रॉड टिकेल ते विचारत होता. त्याच्यासमोर शिंगटा म्हणायला माझी जीभ रेटेना. म्हटलं, "तसं ठरलेलं नाही. सगळेच."

दुकानदाराचा चेहरा असा फुलला की विचारू नका. तीन रॉड, तीन रिळं, स्टँड, घडीची खुर्ची, मानेवर पडदा असलेली टोपी आणि अकरा खिशांचं जॅकेट. खिसे मी घरी येऊन मोजले.

बायकोनं सगळं पलंगावर मांडून बघितलं. "हा बेडूक कशाला?"

"मरळ येते त्याला."

"आणि शिंगट्याला?"

"त्याला गांडूळ लागतं."

"ते कुठंय यात?"

"ते कुंडीत सापडेल."

"मग बाकीचं कशाला आणलंत?" एवढं म्हणून ती कुकर लावायला गेली.

आक्काला कळवलंच नाही. तिच्या दारात मासे घेऊनच उभं राहायचं, असा बेत. नगरहून एसटीनं निघालो. संगमनेरला गाडी बदलताना दार आपटलं आणि हलक्या रॉडचं टोक मोडलं. म्हणजे जो एकच रॉड कामाचा होता तो गेला आणि दोन बिनकामाचे सुखरूप राहिले.

गावाच्या अलीकडे पाटाच्या पुलावर उतरलो. शेतीच्या पाण्याचं आवर्तन चालू होतं, पाट तुडुंब वाहत होता. बघून बरं वाटलं, कारण मी बत्तीस वर्षं पाटावरच काढली. कालवा निरीक्षक होतो, तिकडे घोडेगावच्या बाजूला. पाटात पाइप सोडून लोक चोरून पाणी ओढतात, त्या पाइपाला आमच्याकडे डोंगळा म्हणतात. असे किती डोंगळे मी उपटले याला गणती नाही. लोक कांद्याच्या गोण्या आणायचे, तुपाचे डबे आणायचे. सगळं दारातून परत. कोणाचा चहासुद्धा घेतला नाही. सेवानिवृत्तीच्या भाषणात हे मी स्वतःच सांगितलं, कारण दुसरं कोणी सांगेना.

असो. खुर्ची मांडली, टोपी घातली, जॅकेट चढवलं. कटल्याचा रॉड रोवला, घंटी लावली. त्या आकड्याएवढ्या गळावर गांडूळ कुठं लावलंय ते मलाही दिसत नव्हतं. बसलो.

दोन तास बसलो. गंमत म्हणजे, पाटाच्या वाटेनं येणारी माणसं मला लांबून बघायची आणि आल्या पावली मागं फिरायची. मला वाटलं, किती समजूतदार लोक आहेत, मासा बुजू नये म्हणून आवाजसुद्धा करत नाहीत.

आणि घंटी वाजली. रॉड कमानीसारखा वाकला. मी खुर्चीसकट उठलो. असलं वजन हाताला आयुष्यात लागलं नव्हतं. रीळ फिरवतोय, घाम निथळतोय आणि तोंडानं बडबडतोय, "आज सोडत नाही तुला. तासभर लागला तरी चालेल." हळूहळू पाण्यातून काळं तोंड वर आलं.

पाइप होता. चांगला चार इंची डोंगळा. गळ त्याच्या तोंडाच्या जाळीत अडकला होता.

आता बत्तीस वर्षांची सवय. डोकं काही म्हणायच्या आत तोंडातून निघून गेलं, "कोणाचा आहे हा?"

बाभळीमागून एक माणूस हात जोडून बाहेर आला. पन्नाशीचा, डोक्याला टापशी बांधलेली.

"साहेब, ल्हानसा पाइप हाय. दोन वाफं भिजत्यात निस्ते."

"नाव काय तुझं?"

"किसन. मी यंदाचाच नवा वाटेकरी हाय साहेब. मालकीन आजारी असती."

"आजारी असली म्हणून पाणी चोरायचं?"

"व्हय साहेब. म्हंजी न्हाई साहेब. थांबा जरा, आलोच मी. जाऊ नका."

खरं सांगतो, मी रिटायर आहे हे दोनदा ओठांवर आलं होतं. पण पाच वर्षांत मला कोणी साहेब म्हटलेलं नाही हो. घरी मला कोथिंबीर आणायला पाठवतात. म्हटलं, अर्धा तास म्हणू दे.

अर्ध्या तासानं किसन धापा टाकत आला, हातात स्टीलचा डबा. "काय न्हाई साहेब, घरचंच हाय. मालकिनीनं दिलंय."

मी हात वर केला. नको म्हणायचा माझा हात ठरलेला आहे, तो आपोआप वर जातो. तेवढ्यात त्यानं झाकण काढलं. आत शिंगटे. आठ शिंगटे, साफ केलेले, हळद-मीठ लावलेले.

हात वरच राहिला. इकडे बत्तीस वर्षांची अब्रू आणि तिकडे आक्काचं ताट. विकत घ्यावेत तर बाजार उठून गेलेला, माझ्या गळाला पाइप लागलेला, आणि समोर नेमके तेच मासे. तुम्ही काय केलं असतं? मला नका सांगू. मी डबा घेतला. वर दरडावून म्हणालो, "पुढच्या खेपेला पाइप दिसता कामा नये."

"न्हाई दिसनार साहेब," म्हणून तो गेला, आणि मी बोचकं आवरून आक्काचं घर गाठलं.

ओट्यावर बाजेवर पडली होती. हाताची नुसती काडी झालेली. मला बघून तिचे डोळे भरले आणि माझेही. मी डबाच पुढे केला. "आक्का, धरले बघ. गळानं. तुझ्यासाठी."

ती उठून बसली. डबा हातात घेतला, जरासा उलटा करून खालून बघितला. मग माझ्याकडे बघितलं, टोपीपासून बुटापर्यंत. झाकण काढलं.

"तू धरलंस?"

"मग? दोन तास बसलो पाटावर."

"कंच्या काठीनं?"

"ते प्रकार असतात, आक्का. शिंगट्याला हलका रॉड लागतो. कटल्याला वेगळा, मरळीला वेगळा. अभ्यास लागतो त्याला."

"असं व्हय. आन् साफ कुनी केलं?"

"मीच. तिथंच, पाटावर."

"हळद?"

आता हळदीचं काय सांगणार? म्हटलं, "खिशात होती."

"खिशात हळद घिऊन फिरतोस?"

"अकरा खिसे आहेत, आक्का."

तिनं डबा मांडीवर ठेवला. एक मासा उचलून त्याचं तोंड उघडून बघितलं. "गळाचं भोक कुठं दिसंना रं."

मी बारीक तंगूस, बारीक गळ असं काहीतरी सुरू केलं, तेवढ्यात परसदारानं कोणीतरी आत आलं आणि घरातूनच बोलत बोलत ओट्यावर आलं. "आक्का, गेला बगा त्यो साहेब. लई बोलला, पन डबा बगितला आन् असा हावरटावानी..."

किसन होता. मला बघून त्यानं टापशी काढून हातात घेतली.

आक्कानं डबा माझ्यासमोर उलटा धरला. खाली ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलं होतं. माझं नाव, अख्खं, आडनावासकट, आणि पुढे 'यांजकडून सप्रेम भेट'. तिच्या वास्तुशांतीला मीच केलेला आहेर.

"किसन सकाळी घिऊन आल्ता मासे," आक्का म्हणाली. "हळद लावली, पन खायाला मन हुईना. तेवढ्यात ह्यो पळत आला, म्हनला पाटावर टोपीवाला साहेब आलाय, पाइप पकडला. म्हनलं, दे त्याच्या बोडख्यावर नि लाव वाटंला."

मी बाजेच्या कडेला बसलो. "म्हणजे तो डोंगळा आपला?"

"व्हय."

"कधीपासून?"

"तू नोकरीला लागलास तवापासून. पाटाच्या साहेबाची बहीन म्हनून कुनी हात लावत न्हवतं."

मी सगळ्या जगाचे डोंगळे उपटत होतो आणि माझ्या जिवावर सख्खी बहीण ऊस भिजवत होती. आणि सगळ्या नोकरीत न घेतलेली लाच मी रिटायर झाल्यावर घेतली, ती तिच्याच घरची, माझ्याच डब्यात.

आक्का हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून पाणी. ठसका लागला तरी थांबेना. किसन पाण्याचा तांब्या घेऊन धावला, तर त्याच्या तोंडाकडे बघून तिला आणखी हसू. "हळद म्हनं खिशात," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणायची.

मग पदरानं तोंड पुसलं, भिंतीला धरून उठली आणि चुलीपाशी गेली. महिनाभरात पहिल्यांदा गेली, असं किसन मला कानात म्हणाला. कालवण तिनं स्वतः केलं. मी समोर बसून काटे काढून द्यायला लागलो, तर माझ्या हातावर चापट मारली आणि आपले आपण काढून खाल्ले. दीड भाकरी खाल्ली. मी मोजत होतो, आणि मला मधेमधे नीट दिसत नव्हतं.

जेवून हात धुतला, सुपारी कातरली आणि माझ्या उरलेल्या दोन रॉडांकडे बोट दाखवलं.

"नाना, मरळीची काठी येगळी असती म्हनलास न्हवं?"

"हो."

"मंग उद्या ती घिऊन पाटाच्या वरच्या मोरीवर जाऊन बस. तिथल्या पाइपवाल्याकडं मरळ असती."