सुपारीची वाडी आडवी झाली तेव्हा

चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा आम्ही सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या घरी टीव्हीसमोर बसून होतो. माझी थोरली बहीण, आक्का, तिकडे समुद्राकाठच्या गावात दिलेली. तिच्या सासऱ्यांची घराला लागूनच सुपारीची वाडी. फोन काही केल्या लागेना. अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तर ठरवूनच टाकलं होतं, की पोरीला कायमची परत आणायची आणि जावयाला अक्कलकोट रोडला एखाद्या टॉवेलच्या कारखान्यात चिकटवून द्यायचं.

शेवटी आक्काचाच फोन आला. "सगळे धड आहोत. छप्पर उडालं, वाडी आडवी झाली. मामंजी आम्हाला घेऊन तिकडे येतायत."

माणसं वाचली म्हटल्यावर अव्वाला, म्हणजे आमच्या आईला, काय करू नि काय नको असं झालं. तिनं शेंगाच्या गोड पोळ्यांचा घाट घातला, दारात रांगोळी काढली. मीही काही कमी नाही. सुपाऱ्या काय, पुढच्या वर्षी पुन्हा येतील, असं म्हणत मजेत शेंगा भाजत होते.

आक्का, तिची दोन पोरं आणि सासरे आले. भावजी पडझड आवरायला मागे थांबले होते. सासऱ्यांनी ताटातली पोळी पाहिली आणि ताट हळूच पुढे सरकवलं.

"गोड नको, विहीणबाई. अजून दहावं व्हायचंय."

कोण गेलं? मी आक्काकडे पाहिलं.

"झाडांचं म्हणतायत," ती म्हणाली.

अव्वानं ताट उचलून आत नेलं. मला मात्र, खरं सांगायचं तर, रागच आला. झाडांचं कुणी सुतक पाळतं का? आमच्याकडे वर्षाआड पीक करपतं, मग आम्ही काय जन्मभर डोकं धरून बसायचं?

अप्पांनाही तसंच वाटलं असणार. दुसऱ्या दिवशी ते व्याह्यांना मंद्रूपला आमच्या शेतावर घेऊन गेले. आक्का आणि मीही गेलो. रान नांगरून पडलेलं, नजर जाईल तिथवर हिरवं पान नाही. अप्पांनी एक ढेकूळ उचललं.

"बगा पावनं, हितं बी आत्ता काय न्हाय. गेल्या साली ज्वारी हातची गेली. फुडं पेरली की चार-पाच म्हैन्यात कणसांनी रान भरून जातंय. तुमचं बी व्हईल की!"

"चार-पाच महिन्यांत?" व्याही त्या काळ्या रानाकडे बघतच राहिले. "आमच्याकडे सुपारी धरायला सात-आठ वर्षं लागतात. माझ्या वडिलांनी लावलेल्या झाडांवर मी जगलो. आता मी लावली, तर मला ती धरलेली दिसायची नाहीत."

मग ते बांधावर टेकले आणि ज्यासाठी आले होते ते बोलले. "आवराआवर झाली की मुलगा मुंबईला नोकरी शोधणार. सुनेला आणि नातवंडांना तुमच्याकडे ठेवायलाच आणलंय. वाडी विकतो."

मी सुन्न झाले. इतका वेळ मला ते चार दिवसांचे पाहुणे वाटत होते. अप्पा हातातलं ढेकूळ नुसतं फिरवत राहिले. आणि गंमत म्हणजे त्यांना हवं होतं तेच आयतं समोर आलं होतं. फक्त 'व्हय' म्हणायचं बाकी होतं.

"मामंजी, मला विचारलंत का?" आक्का म्हणाली. तिचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "तुम्हाला दिसणार नाहीत, मला दिसतील. रोपं मी लावते." मग ती अप्पांकडे वळली. "अप्पा, मला ठिवून घिऊ नगा."

लग्नानंतरचं पहिलं वर्षभर हीच आक्का फोनवर रडायची, की त्या वाडीत दिवसासुद्धा अंधार असतो, ऊन म्हणून दिसत नाही. तिचं हे बोलणं ऐकून मला तोंडात मारल्यासारखं झालं.

व्याह्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

अप्पांनी आक्काकडे पाहिलं. तिला घरी ठेवायची त्यांची इच्छा चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. मग त्यांनी हातातलं ढेकूळ टाकलं, धोतराला हात पुसले आणि व्याह्यांना विचारलं, "पावनं, सुपारीला खड्डा किती खोल घ्याचा?"