छाट निघाली तर सांगा

बोलता बोलता तिच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर फिरत राहायचा. हातात काही नसायचं. बसस्टँडवर, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत पान वाढायची वाट पाहताना, अंगठा आपला चालूच. कोणी हसलं की ती म्हणायची, “हसा बाप्पा, हसा. हात रिकामा राहिला का मले झोप येते.”

तुमच्याही ओळखीत असेल असं एखादं माणूस, ज्याचे हात कधी सुट्टी घेत नाहीत. माझ्या ओळखीतली ही बाई. नाव सांगत नाही. आमगावात तिला ओळखणारे पुष्कळ आहेत, आणि आता जे सांगणार आहे त्यात मान खाली घालायची पाळी माझी आहे, तिची नाही.

मी बिडी कारखान्याच्या आमगावच्या केंद्रावर तपासनीस होतो. आसपासच्या गावांतल्या बाया घरी तेंदूच्या पत्त्यात जर्दा, म्हणजे तंबाखू, भरून बिड्या वळत आणि आमच्याकडे आणत. प्रत्येक बिडीच्या टोकाला गुलाबी दोरा, आणि अशा पंचवीस बिड्यांचा एक कट्टा. मी कट्टा हातात घ्यायचा, अंगठ्याने दाबायचा, आणि सैल, फाटकी, वाकडी बिडी ओढून बाजूला फेकायची. त्या फेकलेल्या मालाला छाट म्हणतात. तीस वर्षं मी छाट काढली. माणूस त्याने कामातून जातो. ताटात पोळी पडली की मी आधी उलटून पाहतो. बायको म्हणते, यम न्यायला आला तरी तुम्ही त्याच्या रेड्यात खोट काढाल.

बाया माझ्याशी भांडायच्या. काऊन टाकली, काय वाईट आहे हिच्यात, असा गलका असायचा. ही भांडत नसे. टोलीवरून, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवरून, पाऊण तास चालत यायची, टोपली माझ्यापुढे सरकवायची आणि म्हणायची, “छाटा बाबूजी, छाटा. छाट निघाली तं सांगा.”

निघायची नाही. खरं सांगतो, मी हट्टाने शोधायचो. वरून तंबीच असायची की अगदीच काही काढलं नाही तर तपासनीस झोपला होता असं समजतील. मग मी उगाच दोन-चार बिड्या बाजूला टाकायचो. ती त्या टाकलेल्या बिड्यांकडे पाहायची, मग माझ्याकडे पाहायची, आणि टोपली उचलायची. तिच्या त्या पाहण्याची मला लाज वाटायची, पण लाज वाटून काम थोडंच थांबतं.

आमच्या केंद्रासमोर रस्त्याच्या पलीकडे एका मिस्त्रीचं दुकान होतं. आहे अजून. जळलेल्या मोटारी भरायचं दुकान. आमच्याकडे उन्हाळी धान लावतात, त्यामुळे विहिरीवरच्या मोटारी रात्रंदिवस चालतात आणि जळतात. मग जळालेली तार काढून नवी तार वेढे घालून बसवायची, म्हणजे मोटार भरायची. आपली पाळी येईपर्यंत बाया एकमेकींशी गप्पा मारत, ही मात्र रस्ता ओलांडून मिस्त्रीच्या दारात जाऊन उभी राहायची. वेढे कसे घालतो, खाचेत कागद कसा सारतो, शेवटी तारेची जुडी दोऱ्याने कशी बांधतो, सगळं पाहायची.

एक दिवस परत येऊन म्हणाली, “हे तं बिडीच हाय, बाबूजी. पत्त्याच्या जागी तार, येवढंच.”

मी हसलो.

“हसू नोका. मले शिकाचं हाय ते.”

तेव्हा ती शेहेचाळीस वर्षांची होती. नातू अंगणात खेळत होता. मी म्हटलं, या वयात कायले भलती हौस?

“हौस नाही जी,” ती म्हणाली. मग पदर तोंडावर धरून खोकली. बराच वेळ खोकली. “जर्दा बसला छातीत. डाक्टर म्हणते का तंबाखूतून उठा, नाही तं लवकर जगातून उठान. बिडी सोडून मले दुसरं येते काय? पर हे येईन. तुमचा दोस्त हाय ना तो? एक शब्द टाका.”

टाकतो म्हणालो.

आता तुम्ही नीट ऐका, कारण हे मी कोणाला सांगितलेलं नाही. दुपारी आम्ही दोघं चहाला बसलो, तेव्हा मिस्त्रीनेच विषय काढला. ती बाई रोज उभी असते, शिकवू का म्हणून विचारलं. जागा होती त्याच्याकडे, हातही हवा होता. मी म्हटलं, “कुठं नादी लागतोस? तिची नजर गेली आहे. तार दिसायची नाही तिला.”

कायले बोललो असं? सांगायला लाज वाटते इतकं साधं कारण आहे. तिचे कट्टे वर ठेवले की आमच्या केंद्राचा सगळा माल चांगला दिसायचा. वरिष्ठ आले की मी तिचाच कट्टा त्यांच्या हातात द्यायचो. असा हात गेला असता तर माझं कौतुक गेलं असतं. येवढंच. तिची छाती मी विचारात घेतली नाही असं नाही. घेतली, आणि बाजूला टाकली.

तिला सांगितलं, मिस्त्री नाही म्हणतो.

“बरं,” ती म्हणाली. “आत्ता नाही म्हणला असंन.”

दोन वर्षं ती आणखी बिड्या वळत बसली. मांडीवर सूप, सुपात पत्ता आणि जर्दा. खोकला पावसाळ्यात कमी व्हायचा, हिवाळ्यात वाढायचा. मी कट्टे तपासत राहिलो.

मग एका सोमवारी ती टोपली न घेता आली. माझ्याकडे वळलीच नाही. सरळ रस्ता ओलांडून मिस्त्रीच्या दुकानात शिरली आणि खाली बसली. मी दारातून पाहत होतो. मिस्त्रीने काहीतरी विचारलं. तिने मान हलवली, जमिनीवर वाकली आणि फरशीच्या फटीत पडलेला केसाएवढा तारेचा तुकडा नखाने उचलून त्याच्या तळहातावर ठेवला. काय विचारलं असेल ते मला तिथे उभ्या उभ्या समजलं.

तिच्या पहिल्या मोटारीची गोष्ट अजून दुकानात सांगतात. मिस्त्रीने तिला सांगितलं होतं, एका खाचेत साठ वेढे. दवनीवाड्याच्या शेतकऱ्याची मोटार होती. बाईने मन लावून भरली, खाचा मात्र इतक्या गच्च झाल्या की वरची तार ठोकून बसवावी लागली. शेतकरी तिसऱ्या दिवशी हजर. “पाणीच ओढत नाही मोटार, नुसती कण्हून राहिली!” मिस्त्रीने उघडून वेढे मोजले तर प्रत्येक खाचेत पंचाहत्तर. म्हणजे तीन कट्टे! तीस-पस्तीस वर्षं पंचवीस-पंचवीस मोजलेला हात, तो साठावर, म्हणजे तिसऱ्या कट्ट्याच्या मध्येच कसा थांबणार?

मिस्त्री कपाळाला हात लावून म्हणाला, “बाई, ये बिडी नहीं है.”

“शिकून राहिली ना मी,” ती म्हणाली. मोटार पुन्हा स्वतःच सोडली, सगळी तार उलगडली. दुसऱ्या दिवशी घरून मूठभर चिंचोके घेऊन आली. दहा वेढे झाले की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे. महिनाभर असं केलं. नंतर चिंचोके लागेनात.

एक गोष्ट मात्र तिने सोडली नाही. मिस्त्री तारेची जुडी जाड सुती दोऱ्याने बांधायचा. ती बिडीच्या गुलाबी दोऱ्याने बांधायची, दुहेरी करून, टोकाला बिडीचीच गाठ. मिस्त्री ओरडायचा की तुटेल, जळेल. तुटला नाही, जळला नाही. दोऱ्याची रिळं कारखान्याचीच होती, घरी उरलेली. परत जमा करायला हवी होती. साऱ्या नोकरीत मी डोळे झाकून जाऊ दिलेला माल तेवढाच.

दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत लोक येऊन विचारू लागले, बाईच्या हातची आहे का? कामठ्याहून लोक गोंदिया सोडून इकडे यायला लागले. मिस्त्रीने तिला पाटावरून उठवून आपल्या शेजारी खुर्चीवर बसवलं. ती खुर्चीवर मांडी घालून बसायची. खुर्चीत पाय सोडून बसणं मात्र तिला शेवटपर्यंत जमलं नाही.

आमच्या घरचा कूलर बंद पडला तो तिसऱ्या उन्हाळ्यात. मी मोटार मिस्त्रीकडे टाकली आणि मुद्दाम ती नसेल अशा वेळी आणायला गेलो. ती होती. तिने मोटार स्वतः फडक्याने पुसली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

“घ्या बाबूजी, तपासा. माही नजर गेली म्हणतेत. छाट निघाली तं सांगा.”

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. थोडं हसूच होतं. त्या क्षणी हात जोडायला हवे होते. तीस वर्षं दुसऱ्याच्या मालातली खोट बोलून दाखवणारा मी, माझी स्वतःची एक खोट मला बोलता आली नाही. मोटार घेतली, बरं आहे म्हणालो, आणि सायकलवर बसलो.

चौथा उन्हाळा तिने पुरा केला. पाचव्या वर्षी थंडीत खोकला धरला तो सुटलाच नाही. गोंदियाला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर मिस्त्रीला म्हणाले की छाती जुनीच खराब आहे, दोन-तीन वर्षं आधी तंबाखू सुटला असता तर गोष्ट वेगळी असती. मिस्त्रीने मला हे चहा पिताना सहज सांगितलं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत की तो काय सांगतो आहे. डॉक्टर मोघम बोलले असतील. मी मोघम धरू शकत नाही. ती दोन वर्षं माझी आहेत.

मी मोसंबी घेऊन गेलो. सांगायचं असं ठरवून गेलो होतो, गाडीत शब्दही जुळवले होते. ती उशीला टेकून डोळे मिटून पडली होती. अंगठा चादरीच्या काठावर फिरत होता. मी खुर्ची ओढून बसलो आणि सवयीने मोजायला लागलो. दहावर अंगठा थांबायचा. क्षणभर थांबून पुन्हा सुरू. पुन्हा दहावर. पंचवीस त्या हातातून गेले होते. ती बिडीतून खरोखर बाहेर आली होती, पण बिडी तिच्यातून बाहेर आली नव्हती.

डोळे उघडून म्हणाली, “आले का बाबूजी?”

“बाई,” मी म्हटलं, “तेव्हा मिस्त्रीला मी जे...”

“कूलर चालून राहिला का?” तिने विचारलं.

“चालतो.”

“आवाज गिवाज?”

“काही नाही.”

“मंग झालं,” ती म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटले. मला बोलू दिलं नाही. ती माफी होती की दमलेल्या माणसाचं बोलणं, हे मी आजवर ठरवू शकलो नाही. आठवड्याने ती गेली. टोलीवर अंत्यविधीला मी मागे उभा होतो. मिस्त्री लहान मुलासारखा रडत होता. मी रडलो नाही, रडायचा हक्क आपला नाही असं वाटत होतं.

यंदा मे महिन्यात कूलर बंद पडला. बायको म्हणाली, जुना झाला, नवा घ्या. मी मोटार पिशवीत घालून मिस्त्रीकडे नेली. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर तारेचं बंडल ठेवलेलं.

त्याने चार बोल्ट काढले, झाकण उचललं. आत वार्निशने तपकिरी पडलेला, पण मधूनमधून अजून गुलाबी दिसणारा दोरा. एकेक जुडी सारख्या अंतरावर बांधलेली. टोकाला बिडीची गाठ.

“भरायची नाही लागत,” मिस्त्री म्हणाला. “तार जशीच्या तशी हाय. कंडेन्सर गेला फक्त.”

मी चष्मा पुसून लावला, मोटार उजेडाकडे वळवली आणि एकेका गाठीवर अंगठा दाबत गेलो. सैल एकही नव्हती. दुसऱ्यांदा पहिल्यापासून तपासायला घेतली.

मिस्त्री थोडा वेळ झाकण हातात धरून थांबला. मग म्हणाला, “लावू का बाबूजी?”

“थांब जरा,” मी म्हटलं.