जॅमच्या म्हातारीसाठी गाऱ्हाणं

माझं ठरत आलेलं लग्न मोडलं, तेव्हा आमच्या मुलुंडच्या घरात एक मेलेली इंग्रज म्हातारी हजर होती.

तिला घरात मीच आणलं होतं. मला ब्रिटिश झॉम्बी विनोदी सिनेमांचं वेड आहे. अमेरिकन सिनेमात मेलेली माणसं उठून चालायला लागली, की लगेच बंदुका, हेलिकॉप्टर, देशभक्ती! ब्रिटिश माणूस दार उघडतो, समोर अर्धवट सडलेला शेजारी बघतो, "माफ करा" म्हणतो आणि चहा ठेवायला आत जातो. जग बुडत असतं आणि यांचं भांडण बिस्किटं कोणी संपवली यावरून! आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभा पाहिलेल्या असल्यामुळे मला हे सगळं अगदी घरचं वाटतं. (सभेला येणाऱ्यांपैकी निम्मे तरी जिवंत आहेत का, हे मी अजूनही छातीठोकपणे सांगू शकत नाही.)

लग्नाच्या बायोडेटात मी हा छंद प्रामाणिकपणे लिहिला होता. आईने त्यातले 'झॉम्बी' आणि 'विनोदी' हे शब्द खोडून 'ब्रिटिश सिनेमा' एवढंच ठेवलं. त्यावर बोरिवलीचे सावंतकाका भाळले. त्यांची मुलगी सायली. आम्ही फोनवर दोनदा बोललो होतो आणि तिच्या हसण्यावर मी पार आडवा झालो होतो. याआधी आठ ठिकाणांहून नकार आला होता. हा नववा येऊ नये, म्हणून मी जीव मुठीत धरून बसलो होतो!

एका रविवारी सकाळी बापलेक घर बघायला आले. सावंतकाका कणकवलीकडचे, आमचे बाबा देवगडचे. दोघांचं पाच मिनिटांत जमलं.

"तुमचा तो ब्रिटिश सिनेमा दाखवा बघू!" काका मला म्हणाले. "इंग्रज म्हणजे शिस्त! चांगलं इंग्रजी तरी कानावर पडेल."

"अहो, आधी पोहे घ्या ना," आईने माझ्याकडे डोळे वटारत म्हटलं.

"आपण जरा गच्चीवर जाऊन बोलूया का?" सायलीने मला हळूच विचारलं.

"पाचच मिनिटं! सुरुवात चुकवू नकोस," मी म्हणालो आणि सिनेमा लावला. (ही माझी अक्कल! वय वर्षं तेहेतीस!)

सिनेमात एका खेड्यात जॅमची स्पर्धा असते. त्याच दिवशी चर्चमागच्या कबरींतून मेलेले उठतात आणि तिकिटाच्या खिडकीसमोर ओळीने उभे राहतात.

"बघा! मेले तरी रांग मोडत नाहीत!" काका खूश. "आपल्याकडे जिवंत माणसांना जमत नाही."

मग आठवड्यापूर्वी पुरलेली एक म्हातारी सरळ आपल्या मुलाच्या स्वयंपाकघरात शिरली. गाल लोंबतोय, एक डोळा गायब. काकांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. चेहरा उतरला. रागाने नव्हे, काळजीने!

"हिची कायतरी इच्छा रवली हा," ते बाबांना म्हणाले. "कावळो शिवलो नसतलो."

"व्हय तर!" बाबा गंभीर झाले. "देवाक गाऱ्हाणा घालूक व्हया."

आणि बाबा खरोखर उठले! टीव्हीसमोर हात जोडून उभे राहिले. शेजारी काका.

"बा देवा म्हाराजा! ही म्हातारी परमुलखातली. हिची जी काय इच्छा रवली आसात, ती पुरी कर, आणि हिका हिच्या वाटेन लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" काका गरजले. सवयीने आईही स्वयंपाकघरातून ओरडली, "व्हय म्हाराजा!"

"गच्चीवर?" सायलीने पुन्हा विचारलं.

"आत्ता नको गं, आत्ता तर खरी मजा आहे!"

तेवढ्यात पडद्यावरच्या मुलाने "सॉरी, मम्मी" म्हणत म्हातारीच्या डोक्यात फावडं घातलं. हा माझा सर्वांत आवडता प्रसंग. मी खदाखदा हसलो. एकटाच.

काका गर्रकन वळले. "हसतस काय? आवस हा ती तेची!"

"काका, पण त्याची आई आधीच मेलेली आहे."

"मेली म्हणान आवस नाय रवली?"

वाट लागली, एवढं कळलं. आईने दारातून माझ्याकडे असं पाहिलं, जणू आमच्याही घरात फावडं कुठे ठेवलंय ते तिला आठवत होतं.

पण सिनेमा पुढे सरकला. ती म्हातारी पुन्हा उठली, खुरडत स्पर्धेच्या मंडपात गेली आणि आपल्या जॅमच्या बरणीपाशी थांबली. आयुष्यभरात तिला एकदाही बक्षीस मिळालं नव्हतं! परीक्षकांनी पहिलं बक्षीस तिला दिलं. ती वळली आणि शांतपणे कबरीत जाऊन झोपली.

"बघलास!" काकांनी बाबांना मिठीच मारली. "इच्छाच व्हती!"

दोघांच्या डोळ्यांत पाणी. मी विजयी मुद्रेने सोफ्यावर रेललो. सायली तिसऱ्यांदा काहीतरी म्हणाली. श्रेयनामावलीत एक गंमत होती, म्हणून मी "श्श!" केलं.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"पप्पांना तुम्ही सगळे फार आवडलात," ती म्हणाली.

"आणि तुला?"

"तुमच्या घरात मेलेल्या बाईची इच्छा काय, याची सगळ्यांना काळजी होती रे. जिवंत मुलीला काय हवंय, ते तीनदा सांगूनही तू ऐकलं नाहीस. सॉरी."

पहिल्यांदाच एक "सॉरी" ऐकून मला हसू आलं नाही. खूप वाईट वाटलं, आणि चूक माझी होती म्हणून जास्तच.

सायलीचं लग्न आता ठाण्याच्या एका मुलाशी ठरलंय. पत्रिका द्यायला काका स्वतः आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जावई चांगलो गावलो, पण तेका सिनेमाची काय आवड नाय." मग पाय वर घेऊन सोफ्यावर बसले. "लाव तू."

नऊ स्थळं झाली. बायको अजून मिळायचीच आहे, सासरा मात्र दर रविवारी जेवायला असतो!