घर खाली नको ठेवू

ठोकळ्यांचं घर जोडून झालं की चाचा त्याच्या छपरावर बोटाच्या पेरानं टकटक करायचे, तोंड अगदी जवळ नेऊन विचारायचे, "हाय का कोणी?" आणि कान लावून बसायचे.

हसा, खुशाल हसा. मीही पहिल्यांदा हसलो होतो. वीतभर प्लास्टिकचं घर, त्यात कोण असणार, डोंबल? पण चाचा हसत नव्हते. आतल्या माणसाला उठून दाराशी यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ते थांबायचे. मग घर उलटं करून त्याचा तळ बघायचे आणि तेव्हा कुठं म्हणायचे, "हां. आता बोल तुझं."

माझं बोलणं म्हणजे व्हिडिओ. नांदेडात माझं खेळण्यांचं दुकान आहे. लोक येतात, डबे हाताळतात, भाव विचारतात आणि घरी जाऊन मोबाइलवरून मागवतात. एक दिवस डोकं फिरलं. म्हटलं, आपणच मोबाइलवर जाऊ. सिनेमातली घरं, महाल, विमानं असे जोडायचे सेट निघतात ना, ते फोडायचे, जोडायचे आणि घेण्यासारखे आहेत की नाहीत ते आपल्या मराठीत सांगायचं. बोलायला मी पक्का. जोडायला मात्र मला धीर नाही. थोड्याच वेळात मी पुस्तिकेवर ओरडायला लागतो.

चाचा दुकानाच्या मागच्याच घरात राहायचे. बायको वारलेली, मुलगी लातूरला दिलेली. नातीसाठी काहीतरी घ्यायला म्हणून आले, माझी चिडचिड बघितली आणि म्हणाले, "सरक अप्पा, बघू दे." बसले ते बसलेच.

त्यांची सगळी नोकरी एका सरकारी कचेरीत, घरांची पाहणी करण्यात गेली होती. त्यामुळे सेटची परीक्षाही ते तशीच घ्यायचे. रंग बरोबर आहे का, सिनेमातल्यासारखं दिसतं का, ह्याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. परीच्या एका महालाचं मी कॅमेऱ्यापुढं तोंड भरून कौतुक करत होतो, तर हे मध्येच म्हणाले, "संडास कुठंय?"

"चाचा, सिनेमात तो दाखवत नाहीत."

"का? सिनेमातली माणसं जात न्हाईत का? नापास."

आकाशात फिरणाऱ्या एका यानालाही त्यांनी नापास केलं. का, तर "माणूस उतरणार कुठून? जिनाच न्हाई." बघणाऱ्यांना हे लई आवडलं. माझ्या मताला कोणी विचारीना. सगळ्यांचं एकच, चाचांनी पास केलं का? मला राग यायचा, खोटं कशाला सांगू. दुकान माझं, कॅमेरा माझा, आणि हिरो हे!

त्यांचं आणखी एक पालुपद होतं. घरी जायला निघाले की दारातून वळून म्हणायचे, "घर खाली नको ठेवू बरं का." मी आज्ञाधारकपणे जोडलेलं घर उचलून कपाटावर ठेवायचो. एकदा सकाळी आले ते कपाटाकडं बघून भडकलेच.

"तुला काय सांगून गेलो होतो?"

"वरच तर ठेवलंय चाचा! आणखी किती वर ठेवू, पत्र्यावर?"

"अरे बाबा, खाली म्हणजे रिकामं! आत एक तरी माणूस ठेवावा माणसानं."

आता बघा. आमच्या लिंगायतांच्या घरात खाली म्हणजे जमिनीवर, तळाशी. चाचांच्या घरातल्या उर्दूत खाली म्हणजे रिकामं. एका भिंतीला भिंत लावून राहतो आम्ही, आणि इतके दिवस मी घर उचलून वर ठेवत होतो. मी पोट धरून हसलो. चाचाही हसायला लागले, आणि हसता हसता एकदम थांबले. चेहरा असा उतरला की मला वाटलं, छातीत दुखून राहिलं की काय. पाणी दिलं, ते हातात धरून बसले. प्यायले नाहीत.

तेव्हापासून मी प्रत्येक घरात एक बाहुला ठेवायला लागलो. कशाला उगाच म्हाताऱ्या माणसाचा जीव वरखाली करायचा.

पुढं एका व्हिडिओखाली कोणा बाईनं लिहिलं, 'चाचांनी हाक मारल्यावर ओ कोणी दिली?' मी म्हटलं, हिचे कान वाजतात की काय. पण आवाज वाढवून ऐकलं. टकटक. मग चाचांचं "हाय का कोणी?" आणि मग लांबून, दोनतीन भिंतींपलीकडून आल्यासारखी, बाईच्या आवाजात, "ओ."

रस्त्यावरची भाजीवाली असेल. मागच्या घरातलं कोणी असेल. मी स्वतःला हेच सांगितलं, आणि तरी भर दुपारी दुकानातले सगळे दिवे लावले. चाचांना ऐकवलं. ते घाबरले नाहीत, तेच मला जास्त खटकलं. त्यांनी परत परत ऐकलं आणि म्हणाले, "तेवढं काढून टाक. लोकांना कशाला दाखवायचं." मी काढलं. माझ्या मोबाइलात ते अजून आहे. मी ऐकत नाही.

मग ते भुताच्या सिनेमातलं घर आलं. इंग्रजी सिनेमा, कॉलेजच्या पोरांनी डोक्यावर घेतलेला. काळपट, उंच घर, आणि फरशीखाली कोंडलेली एक म्हातारी. वर माणसं जेवतात, झोपतात, भांडतात, आणि ती खालून ठोकत राहते. चाचांनी सिनेमा पाहिला नव्हता, मीही गोष्ट सांगितली नव्हती. म्हटलं, कॅमेऱ्यापुढं दचकले तर मजा येईल. दुपारची वेळ होती, शटर अर्धं ओढलेलं.

तळघर झालं. पुस्तिकेत पुढचं चित्र होतं, पांढऱ्या केसांची बाहुली आत बसवायची. चाचांनी बसवली. त्याच्या पुढचं चित्र, तिच्या डोक्यावर फरशी दाबायची. ती एकदा बसली की निघत नाही, सेटच तसा बनवलेला.

फरशीचा तुकडा हातात धरून चाचा थांबले.

"दाबा की चाचा."

"खाली हाय," ते म्हणाले.

"रिकामं कसं असेल? आत्ताच तर तुम्ही म्हातारी ठेवली."

"रिकामं न्हाई रे." त्यांनी बोट खाली केलं. "तुझं खाली. ती खाली हाय."

तुकडा त्यांच्या हातातून निसटून टेबलाखाली गेला. मी कॅमेरा बंद केला. एवढी अक्कल मला आहे.

मग त्यांनी सांगितलं. गोदावरीला पूर आला होता आणि नदीकाठची गल्ली रिकामी करायच्या कामावर त्यांना लावलं होतं. तिथली घरं उतारावरची. रस्त्यावरून शिरलं की एक खोली, आणि मागं पायऱ्या उतरून नदीच्या अंगाला दुसरी. काम साधं होतं. दारात हाक मारायची. कोणी नसेल तर दारावर खडूनं फुली मारायची, म्हणजे होडीवाले तिथं थांबणार नाहीत. एका दारात चाचांनी हाक मारली. उत्तर आलं नाही. तेवढ्यात डोक्यावर गाठोडं घेऊन पळणारी शेजारची एक बाई त्यांना ओरडून म्हणाली, "खाली हाय!"

चाचांनी ते आपल्या घरच्या बोलीत ऐकलं. फुली मारली आणि पुढच्या दाराकडं गेले.

संध्याकाळी सगळ्यांना ज्या शाळेत आणून ठेवलं होतं, तिथं त्याच बाईनं त्यांना विचारलं, "म्हातारीला आणलं का हो? खाली होती ना." तोवर त्या गल्लीत जायला वाट उरली नव्हती.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. पाणी उतरलं, मी गेलो न्हाई. लातूरला बदली मागून घेतली. कोणी पुराचं बोलायला लागलं की मी उठून जायचो. रिटायर होऊन इथं आलो, पण त्या अंगाला पाय न्हाई टाकला."

"आणि विचारलं नाही? इतक्या वर्षांत कोणालाच नाही?"

"विचारलं न्हाई तोवर ती वाचलेली असू शकते ना रे अप्पा."

मला त्यांचा भयंकर राग आला. आणि त्याच वेळी त्यांच्याकडं बघवेना. दुसऱ्या दिवशी त्यांना न सांगता मी स्कूटर काढली आणि नदीकाठच्या त्या गल्लीत गेलो. त्यांनी सांगितलेल्या खुणांवरून घर सापडलं. दारात एक बाई शेंगा निवडत बसली होती. मी चाचरत चाचरत म्हटलं, "इथं एक म्हाताऱ्या बाई होत्या, पुराच्या वेळी..."

"सासूबाई? आत बसल्यात की. या."

मी चपलांसकट आत शिरलो, देवाशप्पथ. आत खाटेवर एक वाळकी म्हातारी बसली होती. दृष्टी गेलेली. मी पुराचं विचारलं तर ती सहज सांगायला लागली, जणू काल बाजाराला जाऊन आली होती.

"अंगात ताप होता. खालच्या खोलीत पडले होते. पाणी खाटेला लागलं तरी उठायचं भान न्हाई. पण वरून एकजण हाका मारून राहिला होता ना, तो काही झोपू देईना. मी एक पायरी चढले, की त्याचा आवाज आणखी एक पायरी वर. असं करत करत गच्चीवर गेले. तिथून मग होडीवाल्यानं बघितलं."

मी उडत परत आलो. चाचांना दारातूनच ओरडून सांगितलं, "आहे! जिवंत आहे! हाका ऐकूनच वर आली!" त्यांनी मला ते परत सांगायला लावलं. मग आत जाऊन अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, अत्तर लावलं आणि स्कूटरवर माझ्या मागं बसले. माझा खांदा त्यांनी इतका घट्ट धरला होता की नंतर दुखत होता.

म्हातारीपुढं ते हात जोडून उभे राहिले.  म्हणाले, "आजी, पुरात तुमच्या दारात आलो होतो, तो मी."

तिनं मान कलती केली. "हाव. वळखला आवाज. तुम्ही एकदा हाक मारली. मी उठेस्तवर गेलात."

चाचांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता पडतात.

"आजी," मी घाईनं म्हटलं, "आणि नंतर ज्यानं हाका मारल्या, ज्यानं तुम्हाला गच्चीवर नेलं..."

"तो दुसरा होता. हा आवाज न्हाई तो."

"दुसरा कोण? गल्लीत तर कोणीच नव्हतं."

"मला काय ठाऊक बाबा?" म्हातारी म्हणाली. "मला वाटलं, ह्यांनीच कोणाला तरी मागं ठेवलं असंल."

सुनेनं चहा आणला. चाचांनी तो घेतला, आणि ते रडू लागले. अगदी मोठ्यानं, लहान पोरासारखे. म्हातारीनं चाचपडत त्यांचा हात शोधला आणि धरून ठेवला. परत येताना नदीच्या पुलावर ते माझ्या पाठीमागून म्हणाले, "अप्पा, मी कोणालाच ठेवलं नव्हतं रे." मी स्कूटर थांबवली नाही. मला मागं वळून बघायचं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी ते भुताचं घर पुरं केलं. फरशी लावलीच नाही. इतर सेटमधले उरलेले तुकडे घेऊन तळघरातून वर येणारा जिना बांधला आणि कॅमेऱ्याकडं बघून म्हणाले, "बनवणाऱ्यानं जिना न्हाई दिला, मी दिला. आता पास." कंपनीवाल्यांना काय वाटलं असेल ते असो, माझ्या व्हिडिओंत लोक हाच व्हिडिओ सगळ्यांत जास्त बघतात.

आठवड्यातून एकदा ते म्हातारीकडं जायचे. काय बोलायचे, त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही खोदलं नाही. मग तब्येत बिघडली आणि मुलगी येऊन त्यांना लातूरला घेऊन गेली. जाताना म्हणाले, "म्हातारीला सांग, बरा झालो की येतो." मी सांगितलं. ती म्हणाली, "येऊ द्या की. मी कुठं चालले?"

लातूरहून फोन आला तेव्हा मी नुकतंच शटर उघडत होतो. मुलगी रडत होती, पहाटे गेले म्हणाली. मी शटर तसंच खाली ओढलं. लातूरला निघायचं होतं, पण आधी पाय नदीकाठच्या गल्लीकडं वळले. म्हातारीला कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि माझ्याशिवाय तिला सांगणारं होतं कोण?

ती खाटेवर नव्हती. उंबऱ्यावर बसली होती, चांगलं लुगडं नेसून, केस विंचरून. सून माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "पहाटेपासून अशाच बसल्यात. आत येत न्हाईत, काही खात न्हाईत."

मी तिच्याजवळ बसलो. शब्द जुळवत होतो, तोवर तीच बोलली.

"कळलं मला. पहाटे आले होते, हाक मारली. मी म्हटलं, थांबा, उठते." तिनं लुगड्याची निरी सारखी केली. "थांबलेत ह्या खेपेला."