गोजराबाईंचा पसंतीक्रम

ताक फुंकून पिणारे पुष्कळ असतात. आमच्या गोजराबाई पाणीसुद्धा फुंकून पितात. मखमलाबादच्या मळ्यातली फुलं घेऊन त्या बारा वर्षं आमच्या दारी येतात. चहा दिला, तर मी एक घोट घेतल्याशिवाय कपाला हात लावत नाहीत. मला याचा भारी राग येतो.

त्यांची मनीषा आणि माझा विहंग एकाच वर्षी बारावी झाले. दोघांनाही कॉम्प्युटर इंजिनिअरिंग हवं होतं. सीईटीत मनीषाला विहंगपेक्षा थोडे जास्तच मार्क पडले होते. प्रवेशाच्या ऑनलाइन फॉर्मवर कॉलेजं पसंतीच्या क्रमाने भरायची होती. मी आपणहून म्हणाले, "पुण्याचं सरकारी कॉलेज पहिलं टाका."

गोजराबाईंचे डोळे बारीक झाले. "तुमचा विहंग कोणतं टाकतोय?"

"तेच."

"मंग आमच्या पोरीला तिकडं कशापायी धाडता, ताई?"

मनीषा कळवळून म्हणाली, "आई, मला पुण्यालाच जायचंय गं!" पण बाजारात गोजराबाई साधी फुलं आधी पुढे करतात आणि चांगली ओल्या गोणपाटाखाली ठेवतात. मनातलं पहिल्या तोंडी बोललं की समोरचा अडवतो, हा त्यांचा जन्माचा अनुभव. त्यांनी घराजवळचं कॉलेज पहिलं टाकायला लावलं, पुणे शेवटी.

पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तेच घ्यावं लागतं, पुढच्या फेऱ्या बंद. आमच्या घरात तीन इंजिनिअर, असल्या गोष्टी जेवतानाच बोलल्या जातात. त्यांच्याकडे कोण बोलणार? फॉर्म बदलायला अजून दोन दिवस होते. एवढा संशय घेते ना, मग भोग, असं मी मनात म्हटलं आणि गप्प बसले. खरं सांगायचं तर पुण्याची एक जागा मोकळी झाली, म्हणून मला बरंही वाटलं.

यादी लागली. मनीषाला घराजवळचं मिळालं आणि ती तिथेच अडकली. विहंगला पुणे मिळालं, अगदी शेवटच्या जागांपैकी एक.

दुसऱ्या दिवशी गोजराबाई फुलांची पुडी देऊन दारातच उभ्या राहिल्या.

"पोरगी कालपासून जेवली नाय, ताई. तुम्ही नीट सांगत व्हत्या. मीच तुमच्यावर वहीम घेतला. माफ करा."

बारा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. आत विहंग बॅग भरत होता.

मी म्हणाले, "असू द्या, गोजराबाई."