काकांनी पसंत केलेलं सॉफ्टवेअर

दोन टेबलांच्या ऑफिसात काय घडणार, असं लोकांना वाटतं. पण माणसं दोनच असली की एकमेकांचं सगळं दिसतं आणि किस्से साचत जातात. माझ्याकडचे बहुतेक पगारे काकांचे आहेत. मी ते हसत सांगायला घेते आणि मध्येच घरातलं कोणीतरी म्हणतं, "यात हसण्यासारखं काय आहे?"

ऑफिस इंदिरानगरला, आमच्या मालकांच्या, म्हणजे नानांच्या बिल्डिंगखाली, पार्किंगमध्ये पार्टिशन घालून केलेलं. ही बिल्डिंग, ओझरच्या रस्त्यावरचे गाळे आणि निफाडच्या काही खोल्या, एवढ्याच नानांच्या भाड्याने दिलेल्या मिळकती. काका हिशेब लिहायचे, मी पावत्या फाडायचे. नव्वदीचं दशक संपत आलं होतं.

नानांनी कॉम्प्युटर घेतला आणि काकांना वर बोलावलं. भाड्याच्या हिशेबाला चांगलं सॉफ्टवेअर कुठलं, ते काकांनीच बघून सांगायचं. आणि मार्चअखेरीनंतर ऑफिसात एकच माणूस राहील, हेही नानांनी त्याच दमात सांगितलं. कोण, ते सांगितलं नाही.

काका खाली आले. चष्मा पुसत म्हणाले, "घ्या ताई. सवत तरी आपल्या पसंतीची मिळणार!"

*

पहिला सेल्समन टाय लावून आला. त्याचं सॉफ्टवेअर मुळात मेडिकल स्टोअरसाठी केलेलं, थोडं बदलून आमच्यापुढे मांडलेलं. औषधाच्या जागी भाडेकरूंची नावं, आणि प्रत्येक नावापुढे 'एक्स्पायरी डेट'.

काकांनी विचारलं, हे काय? तो म्हणाला, कराराची मुदत संपली की नाव आपोआप लाल होतं.

काका बराच वेळ त्या लाल नावांकडे बघत राहिले.

"यात नोकरांचीही तारीख भरता येते का हो?"

सेल्समन उत्साहाने म्हणाला, "येते ना काका! काहीच प्रॉब्लेम नाही."

*

दुसऱ्या कंपनीकडून एक मुलगी आली. नुकती नोकरीला लागलेली, सगळं पाठ करून आलेली. पावती कशी निघते, थकबाकी कशी दिसते, भराभर दाखवलं. शेवटी म्हणाली, "सर, याने एका माणसाचा पगार वाचतो."

मी खाली बघितलं. तिच्या लक्षात काहीतरी आलं असावं. आमची दोन टेबलं बघून तिने हळूच विचारलं, "म्हणजे... इथे कोण?"

"चहा घ्या आधी," काका म्हणाले. "थंड होतोय."

तिने तो चहा उभ्यानेच प्यायला.

*

तिसरं सॉफ्टवेअर भयंकर होतं. एका पावतीला सात स्क्रीन, आणि मध्येच सगळं अडकून बसायचं. मला तेच आवडलं. मी काकांना म्हटलं, हेच घ्यायला सांगू. हे चालवायला दोन माणसं लागतीलच.

काकांच्या घरी आजारी बायको होती. माझ्या मिस्टरांची कंपनी नुकतीच बंद पडली होती. दोघांनाही दोघांचं माहीत होतं.

काका म्हणाले, "आणि ऐन भाड्याच्या तारखेला हे बंद पडलं, तर शिव्या तुम्ही एकट्या खाणार. मी कुठे असेन तेव्हा?"

तेव्हा मला कळलं, की कोण राहणार हे त्यांनी मनात ठरवून टाकलंय. मग आठवलं, प्रत्येक सेल्समनला ते एकच विचारायचे, "आमच्या ताई शाळेपर्यंत शिकल्यात. त्यांना जमेल ना?"

*

त्या मुलीचं सॉफ्टवेअर ठरलं, ट्रायलवर आलं. मी भरलेलं सगळं एका फ्लॉपीवर असायचं.

लक्ष्मीपूजनाला काका दरवर्षी हिशेबाच्या वह्या पाटावर मांडायचे. त्या वर्षी मांडली फ्लॉपी. हळदकुंकू वरवर नको, हिशेबापर्यंत पोचलं पाहिजे, म्हणून त्यांनी तिची पत्र्याची झडप बोटाने सरकवली आणि आत वाहिलं!

नंतर ती आत घातल्यावर कॉम्प्युटरने असा आवाज काढला की नाना जिन्यावरून धावत आले. सगळं पुसलं गेलं होतं. नाना काकांना नको ते बोलले, बाहेर भाडेकरू उभे असताना.

ती मुलगी येऊन म्हणाली, "काका, याला पूजा चालत नाही."

"बरं," काका म्हणाले. "मग याच्याकडून चूक झाली, तर माफी कोणी मागायची?"

*

मार्चअखेर आली. दुपारी नानांनी काकांच्या हातात पाकीट दिलं, पाठीवर हात ठेवला आणि वर गेले.

ती मुलगी कायमचं सॉफ्टवेअर टाकायला आली होती. म्हणाली, एखादी खरी एंट्री करून बघू. काकांनी पाकीट पुढे केलं. "ही करू. टाकायचीच आहे."

ते खुर्चीवर बसले. एका बोटाने स्वतःचं नाव टाईप केलं, मग रक्कम. मग पैसे कशापायी दिले, ते निवडायचं होतं. यादीत घरपट्टी होती, पाणीपट्टी होती, दुरुस्ती होती, अनामत परत होती. पगार नव्हता. भाड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पगार कुठून असणार?

मुलगी गडबडली. "सर, दोन मिनिटं, मी नवीन टाकून देते."

"कशाला?" म्हणत काकांनी बाण खाली खाली नेला आणि 'अनामत परत'वर थांबवला.

स्क्रीनवर इंग्रजीत प्रश्न आला. काकांनी माझ्याकडे बघितलं, म्हणून मी वाचून दाखवला. खोली रिकामी झाली का?

"होयला कुठलं बटण, ताई?"

मी दाखवलं.